कोठीवरची कटकट

"आवाज दुप्पट व्हयी गया," नाना फोनवर म्हणाले. तो बंद करायचा उपाय सकाळी मीच सांगितला होता. शहाद्याचं दुकान बंद करून मी लोणखेड्याला निघालो.

मी कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करतो. नाना रिटायर शिक्षक. पुण्याच्या मुलाने त्यांच्याकडे नॅस बसवून दिलेला. नॅस म्हणजे हार्ड डिस्कचा डबा, त्यातलं सगळं वायफायवरून घरात कुठेही मोबाईलवर उघडतं. यात नानांच्या वारलेल्या आईने म्हटलेली लग्नातली गाणी होती. कॅसेटी बुरशीने गेल्या, दुसरी कॉपी नाही.

डिस्कमध्ये तबकडी फिरते, थोडी कटकट होणारच. पण नानांच्या बायकोची, काकूंची, दुपारची झोप उडाली. त्यांनी जेवण झालं की भिंतीवरचं बटण बंद करायला सुरुवात केली. डिस्क चालू असताना रोज असा करंट तोडला, तर एक दिवस ती उघडतच नाही. मला धास्ती त्याची होती.

डबा धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलेला. म्हणून सकाळी मी फोनवर म्हटलं होतं, "नाना, कोठीवरून खाली करा."

पोचलो तर अंगणात ताडपत्रीवर गव्हाचा ढीग. नाना घामाघूम. आत कोठी रिकामी, आणि डबा तिच्यावरच, ढोल बडवल्यासारखा वाजतोय.

"हाई काय कयं, नाना?"

"तुम्हीच सांगं ना, कोठी खाली करा म्हनीसन!"

आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. मी इथलाच, तरी फोनवर ऑफिसची मराठी झाडली. स्वतःचाच राग आला. भरलेली कोठी निदान थरथर गिळत तरी होती.

काकू दारातून म्हणाल्या, "सासू जित्ती व्हती तवय बी दुपारले झोपू दे नही. आते मरीसन बी तेच."



मी नॅस रीतसर शटडाऊन केला, भिंतीतल्या कडप्प्यावर ठेवला आणि चार कोपऱ्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सारले. चालू केला. पंख्याची घरघर तेवढी राहिली. मग डिस्क तपासायला लावली. दोन तास लागणार होते. तेवढ्यात आम्ही तिघांनी टोपलीने गहू परत भरला.

दोन डिस्कपैकी एक खराब निघाली. दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणून गाणी दुसरीवर शाबूत होती. मी आधी पेनड्राईव्हवर कॉपी घेतली. खात्रीसाठी एक गाणं लावलं. म्हातारीचा चिरका, ठसठशीत आवाज. नानांनी चष्मा काढला.

काकू येऊन कोठीला टेकल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलायला लागले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आवाज वाढावा जरासा."

वाढवला. त्या दुपारी कोणी झोपलं नाही. धंद्यापुरतं एवढंच शिकलो, की आवाजाची तक्रार आली तर डब्याखाली काय आहे ते आपण स्वतः जाऊन बघावं.