बर्फाखालची वैरण

शिरोळच्या जोतीराम पाटलांची, म्हणजे आबांची, लेक वर्षाराणी गोव्यात समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवर संशोधन करायची. २००३ च्या डिसेंबरात ती अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाली, तेव्हा आबांनी विचारलं, "बर्फात काय पिकतंय गं, राणी?"

"बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतंय, आबा. त्यावर क्रिल जगतंय, कोळंबीवाणी बारीक. अन् क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासं, समदी."

जहाज पोचलं तर ठरल्या जागी बर्फ अगदी विरळ. वर्षाराणीनं जाळं सोडलं. वर आले ते नुसते सॅल्प, काचेसारखे आरपार दिसणारे बुळबुळीत गोळे. पेंग्विनचं पोट काही त्यावर भरत नाही. मोहिमेचे प्रमुख डॉ. गणपतराव वैतागले.

"जाळं चुकीचं पडलंय. आलंय ते टाकून द्या, पुढं चला."

"जाळं ठीक हाय, सर," तिच्या तोंडून गावची भाषा निसटली. "बर्फ कमी झालाय, म्हणून क्रिल नाही. जाड बर्फाच्या कडेला एकदा जाळं टाकू द्या. तिथंही हेच आलं तर मी गप्प बसते."

गणपतरावांनी होकार दिला, कप्तानानं कुरकुरत जहाज वळवलं. जाळ्याच्या दोरावर बर्फ चढला होता. तिनं आणि सहकारी रक्षितानं तो लाकडी हातोड्यानं फोडून काढला. शेजारी बर्फाची एक लादी उलटली. तिच्या पोटाला शेवाळाचा तपकिरी थर होता. जाळं वर आलं, तेव्हा गुलाबी क्रिल त्यात उड्या मारत होतं.

"मानलं तुम्हाला," गणपतराव हसून म्हणाले.

"एका वर्षावरून निकाल देता यायचा नाही, सर. परत यावं लागंल."

२००५ च्या महापुरानंतर ती गावी आली. दूध डेअरीवर शेजारच्या केरबानं छेडलं, "तितला बर्फ गेला तर आपलं काय जातंय?"

"पुरात वैरण कुजली, तर तुझ्या म्हशी आटल्या न्हवं? समुद्राचं तसंच हाय. खालची वैरण गेली की वरचा एकेक उपाशी."

केरबानं रिकामी किटली खाली ठेवली. "म्हशीचं तरी आम्ही विकत आणून भागवलं. देवमाशाला कोण आणून देणार?"

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. या खेपेला प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जीवांच्या, अभ्यासगटाची प्रमुख तीच होती. विरळ बर्फाखाली सॅल्प, जाड बर्फाखाली क्रिल. फरक तसाच निघाला. डेकवर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वर्षाराणी मनापासून हसली आणि तिनं पुढच्या जागेसाठी जाळं धुवायला घेतलं.