वीत आणि दोन बोटं

आमच्या बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, पण ते शाळेतले नव्हेत, शिंपी. माणूस दुकानाची पायरी चढला की टेप हातात घ्यायच्या आधी छाती किती, कंबर किती ते सांगून मोकळे. आणि चुकत नाहीत. हे मी लाडकी लेक म्हणून नाही, त्यांच्याशी रोज भांडणारी म्हणून सांगते.

ताईला समुद्रापलीकडच्या शहरात नोकरी लागली. शनिवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं, आणि आईच्या होकाराशिवाय ताई पाऊल उचलणार नव्हती. आईने भिंतीवरच्या नकाशाला बाबांचीच टेप लावली आणि सांगून टाकलं, इतक्या लांब नाही. इथे कुणी अंथरुणाला खिळलं तर पोरीने पोचायचं केव्हा?

बाबांनी शेजारच्या बाईंच्या शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. इथल्या विमानतळावर माझं बोट दाबलं, तिथल्यावर स्वतःचं, आणि मध्ये तांबडा दोरा ताणला. दोरा नकाशावरच्यासारखा आडवा न जाता वरून वळसा घेऊन गेला. आईला ती लबाडीच वाटली. बाबा म्हणाले, ढेरीचं माप कधी टेबलावर घेतात का? मग दोरा कापून पंजावर धरला, तर बरोबर एक वीत. गोलाच्या प्रमाणाने साडेआठ हजार किलोमीटर, विमानाला दहा तास.

आईने दोरा ओढून घेतला आणि आपल्या पंजावर लावला. "वीत आणि दोन बोटं. आणि घरापासून विमानतळ? तिथे तीन तास आधी जाऊन बसायचं, ते?"

"ती शिलाईत जाणारी पट्टी, मापाहून वेगळी पडते," बाबा म्हणाले. "शिलाई धरून अठरा तास. त्याहून कमी सांगितलं तर खोटं होईल."

शुक्रवारी आई हो म्हणाली. बाबांनी गोड गोड सांगितलं असतं तर मुळीच म्हणाली नसती, एवढं मी तिला ओळखते.

ताई पोचली. फोनवर म्हणाली, विमानाला नऊ तास पन्नास मिनिटं लागली. झालं! दहा मिनिटं मी मुद्दाम सैल सोडली होती, असं बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत सुटले. आम्हाला वाटलं, स्वारी खुशीत आहे.

चार दिवसांनी आई आणि मी दुपारचा डबा घेऊन दुकानात गेलो, तर मशीन बंद. बाबा तो दोरा पंजावर लावून बसले होते, डोळे लाल.

"तुझंच माप बरोबर होतं गं," ते आईला म्हणाले. "दोन बोटं जास्तच आहे."

माप चुकल्याची कबुली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. मला हसूही आलं आणि रडूही. आईने दोरा काढून घेतला, मशीनवरच्या खिळ्याला अडकवला आणि डबा उघडला.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "दोन बोटं आखूड करायला आता मी शिकवू का तुम्हाला?"