टॅग कापलेली उशी

माझ्या मावशीसमोर कुठलाही कपडा काढून ठेवायची सोय नाही. शर्ट खुर्चीवर टाकून पाणी प्यायला गेलात, की परत येईपर्यंत तो बादलीत गेलेला असतो. बाबा म्हणतात, पाहुणा फार वेळ एका जागी बसला तर ही त्यालाही भिजत घालेल. एकतीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत होती, त्यातली शेवटची नऊ वर्षं तिथली मुख्य म्हणून. हाताखालच्या बायका तिला पाठीमागे ‘वाफ’ म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

तिच्या लाँड्रीचे दोन नियम आम्हाला लहानपणापासून पाठ. पहिला, पाण्यात काहीही जाण्याआधी त्याचं वजन करायचं. वाळलेल्या कपड्याचं वजन पुन्हा तेवढंच भरलं तरच तो वाळला, हात लावून कोरडा वाटला म्हणून नाही. दुसरा, ज्याला टॅग नाही ते सगळ्यात गरम पाण्यात. टॅग नसला की तो कपडा कुठल्या वॉर्डातून आला, कुणाच्या अंगावरचा, काहीच कळत नाही. मग सगळ्यात वाईट तेच गृहीत धरायचं. निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली, पण हे नियम काही निवृत्त झाले नाहीत. बॅगांचं वजन करायचा हुकाचा काटा तिच्या पिशवीत कायम असतो.

माझी आई तिची धाकटी बहीण. त्या वर्षी आईचे उपचार चालू होते. केस गेले होते, आणि औषधाचा डोस झाला की डोकं आतून तापायचं. साध्या उशीवर पाच मिनिटं डोकं ठेवलं की उशीच गरम होई, मग ती उठून बसायची. शेवटी मी गारवा देणारी उशी आणली. आत जाड फोम, त्याच्या वरच्या बाजूला निळ्या जेलचा थर, त्यावर चेन असलेलं पातळ कव्हर. पहिल्याच दुपारी आई सलग तीन तास झोपली. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते, आणि मला रडू आलं होतं.

फक्त एक कुरबुर होती. फोमवरच्या जाळीदार खोळीला शिवणीत एक टॅग होता, आणि तो कव्हरमधूनही तिच्या उघड्या मानेला टोचायचा. मी कात्री घेतली आणि कापून टाकला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेते. त्या टॅगवरचं एक अक्षर मी वाचलं नाही.

मग आईला ताप आला आणि तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. घरची उशी तिथे चालत नव्हती. पाच दिवसांत ती धड झोपली नाही. सहाव्या दिवशी तिला घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगितल्या. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अजून कमी आहेत, तेव्हा घरात ओल, बुरशी, घाण काही नको. दुसरा ताप तिला सोसणार नाही. आणि तिला झोप मिळालीच पाहिजे. आई रुग्णालयात गेल्यापासून मावशी आमच्या घरी राहत होती, मी तिला फोन केला. म्हटलं, सगळं घर स्वच्छ करून घे ग, आई संध्याकाळी सहाला येतेय. मावशीला स्वच्छ कर म्हणून सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारी बारा वाजता मी दुकानातून अर्धी रजा घेऊन घरी आले. घराला फिनेलचा वास, पडदे उतरवलेले, फरशी चकाचक. मावशी न्हाणीघरात टबापाशी खाली बसली होती, आणि टबात वाफाळत्या साबणाच्या पाण्यात ती उशी होती.

“मावशी! हे काय केलंस?”

“वर उलटीचा डाग होता. आणि टॅग नव्हता.” ती वर न बघता म्हणाली. मग हळूच म्हणाली, “पण ही पाणी सोडत नाहीये ग.”

एकतीस वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नसेल. तिनं उशी दोन्ही हातांनी उचलली. झोपलेलं मूल उचलताना लागतो तसा जोर तिला लागत होता. एका कोपऱ्यात निळा थर फोमपासून बोटभर सुटला होता.

मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, सगळं जग म्हणजे तुझी लाँड्री वाटते का तुला? कुणाला विचारायचं नाही, फोन करायचा नाही, दिसलं की बुडवायचं! आता आई कशावर झोपणार आहे? ती ऐकून घेत होती. एरवी माझ्या एका वाक्याला तिची चार असतात. त्या दिवशी तिनं फक्त विचारलं, “हिची माहिती कुठे मिळेल?”

मी शिवणकामाच्या डब्यात शोधायला गेले. जे सापडेल ते न बघता डब्यात टाकायची मला सवय. बटणं, हूक, आणि त्यांच्याखाली तो टॅग. दुकानात येणाऱ्या आजोबांना वाचायला लावते तशी मी स्वतःला ती अक्षरं वाचायला लावली. फक्त बाहेरचं कव्हर धुवावे, गार पाण्यात. आतला भाग ओल्या फडक्याने पुसावा. पाण्यात बुडवू नये. पिळू नये. उन्हात किंवा गरम हवेने वाळवू नये.

माझे कान तापले. टॅग मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून लपवला, आणि त्यावरचं सगळं मावशीला पाठ असल्यासारखं सांगितलं. हे मला कुठून कळलं, तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

“वजन केलं होतंस?” मी विचारलं.

“न करता पाण्यात घालीन का? एक किलो सातशे.”

आता काटा दाखवत होता सहा किलो दोनशे. म्हणजे साडेचार लिटर पाणी, आणि हातात सहा तास. आम्ही गार पाण्यानं साबण काढला, म्हणजे अजून पाणी. मग दिवाणावर जाड टॉवेल पसरले, उशी आडवी ठेवली, वर टॉवेल टाकला आणि दोघी तळव्यांनी दाबत बसलो. पिळायचं नाही, मुरगळायचं नाही, सुटलेल्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. टॉवेल भिजला की दुसरा. घरातले टॉवेल संपले तेव्हा बाबांच्या लुंग्या काढल्या. दीड वाजता चार किलो शंभर. भांडी निथळायच्या जाळीवर उशी उभी केली, दोन्हीकडून पंखे लावले. तीन वाजता तीन किलो तीनशे. उशी काट्याला लटकायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

मध्येच मी म्हटलं, केस वाळवायचं मशीन लावू का? मावशीनं नुसतं बघितलं. मघाशी ऐकलेला टॅग तिला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ झाला होता.

चार वाजता आईचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी पंखे बंद केले. “निघतोय ग आम्ही. माझी उशी तयार आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मावशीनं माझ्याकडे बघितलं. “खोटं कशाला बोललीस?”

“मग काय सांगू? तूच सांग की, तू बुडवलीस ना!”

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ इस्त्रीचा आवाज येत होता. मला वाटलं, रागावली. आणि राग आला की ती इस्त्रीच करते. जा म्हटलं, कर.

पावणेसहाला उशी हाताला कोरडी लागत होती. वरून, खालून, कडांनाही. माझ्या जिवात जीव आला. कव्हर केव्हाच वाळलं होतं. मी ते घालून चेन ओढायला लागले, तोच मावशीनं माझ्या हातातून उशी काढून घेतली आणि हुकाला लावली. दोन किलो तीनशे.

“आत अर्ध्या लिटरच्या वर पाणी आहे.”

“वरून कोरडी आहे. दोन कव्हरं घालू. आजची रात्र तरी झोपू दे तिला!”

“नाही.”

“मावशी, ती पाच दिवस झोपलेली नाही!”

“मला माहीत आहे!” ती पहिल्यांदा ओरडली. मग खाली बसून सांगायला लागली. एकदा घाईच्या दिवशी तिच्या लाँड्रीतून आत ओल असलेल्या गाद्या वर वॉर्डात गेल्या होत्या. हाताला कोरड्या होत्या. आठवड्यानं एकीची खोळ उसवली तर आत काळे ठिपके. तिनं स्वतः वॉर्डात जाऊन पेशंट उठवून सगळ्या गाद्या परत आणल्या, साहेबांशी भांडली. “त्या पेशंटांना मी ओळखत नव्हते,” ती म्हणाली. “हिला ओळखते.”

खाली गाडीचा आवाज आला.

बाबांच्या खांद्यावर हात ठेवून आई आत आली. डोक्याला रुमाल, चेहरा पिठासारखा. ती सरळ खोलीत गेली आणि पलंगाच्या उशाशी हात फिरवला. तिथे काही नव्हतं.

“उशी ओली आहे, छोटी,” मावशी दारातून म्हणाली. “मी बुडवली. माझी चूक झाली.”

आई लहान मुलीसारखी रडायला लागली. “ताई, मी पाच दिवस फक्त तिचाच विचार करत होते ग.”

मावशी खाली मान घालून उभी होती. ते मला बघवेना. मी ओढणीची गाठ सोडली. आत टॅगची गुंडाळी झाली होती. “आई, टॅग मी कापला होता. हिनं बघितलं असतं, तर धुतलीच नसती.”

“धागे दिसले होते मला कापलेले,” मावशी म्हणाली. “ह्या घरात तुझ्याशिवाय इतकं वाकडं कोण कापतं?”

म्हणजे तिला सकाळपासून माहीत होतं. मी बोलत होते, ओरडत होते, आणि ती सगळं ऐकून घेत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज उघडल्याचा आवाज आला. मघाशी तिनं सहा सुती चादरी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करून, आठ पदरी घड्या घालून, स्वच्छ पिशव्यांत भरून गार करत ठेवल्या होत्या. एक काढून तिनं आईच्या डोक्याखाली सरकवली. “ही गरम झाली की दुसरी. तू फक्त डोळे मीट.”

सात वाजायच्या आत आई झोपली. मावशी घड्याळ बघत उशाशी बसली होती. वीस मिनिटं झाली की एका हातानं आईचं डोकं अलगद उचलायची, दुसऱ्यानं घडी बदलायची. आई जागी झाली नाही. मी गरम झालेल्या घड्या परत फ्रीजमध्ये नेत होते. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, आणि मला तिचा इतका आधार कधीच वाटला नव्हता.

उशी वाळायला आणखी तीन दिवस लागले. सावलीत, पंख्यासमोर, दर चार तासांनी उलटून. चौथ्या दिवशी सकाळी आईचे रक्ताचे आकडे आले. पेशी वाढल्या होत्या. मावशीनं टॅग परत शिवला, पायाकडच्या कोपऱ्यात, अक्षरं वर करून. मग उशी काट्याला लावली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“एक किलो सहाशे ऐंशी.”

“मग झालं की,” बाबा म्हणाले.

“सातशे होती. वीस ग्रॅम कमी कशी भरते?” तिनं पुन्हा लावली. पुन्हा तेच.

आई पलंगावरून बघत होती. “ताई, ते वीस ग्रॅम माझं दुखणं ग. घाम, उलट्या, रडणं. तू धुऊन काढलंस.”

मावशी उशी हातात घेऊन उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “असं असेल तर अजून एकदा धुवायला हवी.”

“नको!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.