माझ्या नावाची वर्गणी

लखनौत आम्ही मराठी माणसं मूठभर. कोणी बँकेतले, कोणी रेल्वेतले, कोणी माझ्यासारखे नोकरीसाठी चिनहटला आले आणि इथेच रुतले. एरवी कोणी कुणाकडे फिरकत नाही, पण गणपतीत अलीगंजच्या एका हॉलमध्ये सगळे जमतात, आणि त्या गणपतीचा खजिनदार कित्येक वर्षं मी होतो. पद काही मोठं नव्हे. वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागायचं, आरती झाली की तबक फिरवायचं, आणि कोणी विचारत नसलं तरी हिशेब वाचून दाखवायचा. पण या परमुलखात मला जी काही किंमत होती ती तेवढीच, हे आता सांगून टाकतो.

गेल्या साली बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक ठरलं. कंपनीत पगार रखडलेला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांना एक फोन केला असता तर ते पैसे घेऊन स्वतः दवाखान्यात हजर झाले असते. तो फोन मी केला नाही. ज्यांच्याकडून वर्गणी घ्यायची त्यांच्याकडेच उसने कसे मागायचे? आपल्या माणसापुढे हात पसरू नये, ही आमच्या घरची शिकवण. परक्यापुढे पसरू नये असं मात्र कोणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर कर्ज देणारं एक ॲप सापडलं. ते जे विचारेल त्याला होय, होय करत गेलो. कपातला चहा संपायच्या आत पैसे जमा.

पगार होताच मी सगळं फेडलं, व्याजासकट. काही दिवसांनी फोन आला, पैसे पोहोचलेच नाहीत. मी पावती पाठवली. "वो किसी और खाते में गया होगा, भाईसाहब. आप फिर से डाल दीजिए."

पुन्हा? बापाचा माल आहे का? मी भांडलो. कंपनीचा पत्ता मागितला, परवाना मागितला. पत्ता सांगेनात, परवाना तर त्यांना कधी मिळालेलाच नव्हता. मग पलीकडचा सूर बदलला. माझ्या फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हाती गेले होते. मी नीटनेटका माणूस, त्यामुळे मंडळातल्या प्रत्येकाच्या नावापुढे 'वर्गणी' असं लिहून ठेवलेलं. तो हसत म्हणाला, "इतना बड़ा वर्गणी ख़ानदान है आपका. एक भी नहीं चुकाएगा?"

मी पोलिसांकडे गेलो. तिथले दरोगाजी भला माणूस. त्यांनी तक्रार लिहून घेतली, पावती जोडली आणि बजावलं, "अब एक रुपया मत दीजिएगा. दे दिया तो वो कहेंगे कि उधार बाक़ी था, तभी तो दिया. चिल्लाने दीजिए, थक जाएँगे."

त्या शब्दांवर मी तग धरून राहिलो. मग मंडळातल्या सगळ्यांच्या फोनवर माझा फोटो गेला. खाली लिहिलेलं, 'चोर, सबका पैसा खा गया.' तो माझ्या लेकीलाही आला. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. "पापा, सच में कुछ बाक़ी नहीं है न?"

"नाही गं."

"तो सबको बोलते क्यों नहीं?"

मी ग्रुपवर लिहिलं, की कर्ज कधीच फिटलंय, हे भामटे आहेत, तक्रार केली आहे, कोणी लक्ष देऊ नये. लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. कोणी एका शब्दाने काही विचारलं नाही. आपली माणसं किती समजूतदार, म्हणून मला भरून आलं. गाढव होतो मी. आपला माणूस गप्प बसला म्हणजे त्याचा विश्वास बसला असं नसतं. समोरच्याला आणखी लाजवू नये म्हणूनही तो गप्प बसतो.

फोन खरंच थांबले. मग एका रविवारी काका आणि काकू विकास नगरला आमच्या घरी आले, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. काका म्हणाले, "मिटलं रे बाबा सगळं."

"काय मिटलं?"

"तू काही बोलू नकोस. सगळ्यांनी थोडे थोडे काढले आणि भरून टाकले त्यांना. आपल्या माणसाची अशी शोभा होऊ देणार का आम्ही?"

"काका, पण मी देणं लागतच नव्हतो हो!" मी पावती आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. "असू दे, असू दे," म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दरोगाजींनी कपाळाला हात लावला. "अब मैं क्या लिखूँ? आप कहते हैं उधार नहीं है, आपके लोग चुका आए." आणि त्या लांडग्यांच्या तोंडाला तर रक्तच लागलं. आता ते थेट काकांना फोन करू लागले. काकांनी मला विचारलं, "अजून बाकी आहे म्हणतात. एकदा काय ते खरं सांग ना आम्हाला." मी खरं सांगितलं, पुन्हा सांगितलं, शेवटी ओरडलो. ओरडल्यावर तर मी खोटाच ठरलो.

बायको म्हणाली, "अहो, निदान मंडळातल्या लोकांचे पैसे तरी परत करा." कोणी घेईना. "मंडळालाच दिले समज," म्हणायचे. जे कर्ज नव्हतंच, त्यापायी मी सगळ्या गोताचा कर्जदार झालो, आणि हे फेडायची सोयही नाही.

यंदा गणपतीच्या आधी काकांचा फोन आला. "या वर्षी तू जरा विश्रांती घे हं. सूनबाईंच्या तब्येतीकडे बघ." किती मायेने बोलले. मी बरं म्हणालो.

आरतीला गेलो. नसतो गेलो तर लोक त्यावरही बोलले असते. आरती संपली, तबक फिरायला लागलं. ते दुसऱ्याच्या हातात होतं. मी खिशातून नोट काढून मुठीत धरली होती. माझ्यापाशी येताच त्याने नजर खाली घातली आणि मला द्यावं लागू नये म्हणून तबक झटकन पुढच्या माणसासमोर नेलं.