फसलेल्याला टाळ्या

एवढी संशयी माणसं मी आयुष्यात एका खोलीत बघितली नव्हती. दर रविवारी सकाळी माझ्या घरी यायची, चपला ओळीत काढायची आणि आत आल्यावर आधी एकमेकांपासून लॅपटॉप वळवून बसायची. कॅमेऱ्याच्या भोकावर चिकटपट्टी. माझा वायफाय देऊ केला तर असे दचकले, जसं मी उष्टं पाणी पुढे केलंय. "नको काका, आमचा आहे." चहा मात्र कुणीही दिला तरी प्यायचे. त्यात काय घातलंय हे एकानेही कधी विचारलं नाही.

ही मंडळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची. कॉम्प्युटरवरच्या चोऱ्या कशा होतात आणि कशा थांबवायच्या, यावर वर्षातून एकदा मोठा मेळावा भरवतात. त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. पगार नाही, मानधन नाही, सुट्टीचा दिवस मोडून वर प्रवास. मी म्हटलं, "तुम्हाला घरची माणसं नाहीत का?" तर म्हणाले, "आहेत ना काका, म्हणूनच बाहेर येतो."

माझ्या घरी जमायची सुरुवात वरच्या मजल्यावरच्या मुलीमुळे झाली. तीही त्यांच्यातलीच. बायको गेल्यावर दोन महिन्यांनी तिने विचारलं, "काका, रविवारी तुमचा हॉल मिळेल का?" मुलगा पुण्याला. घरात मी, टीव्ही आणि कुकर. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर आवाज हवा होता. पण आणखी एक कारण होतं, ते मी तिला सांगितलं नाही. मला या लोकांकडून एक गोष्ट काढून घ्यायची होती. आमच्या घरी जे झालं, त्यात चूक बायकोची होती की माझी.

झालं ते असं. बायकोला दुपारी फोन आला, बिल भरलं नाही, संध्याकाळी वीज कापणार. तो सांगत गेला, ही फोनवर दाबत गेली. मी कारखान्यातल्या जुन्या दोस्ताकडे शहाडला गेलो होतो. परत आलो तर ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी बँकेत गेलो तेव्हा कळलं, खातं धुतलंय. पहिल्या दिवशी थोडं, मग रोज थोडं थोडं. वरची मुलगी तक्रार लिहायला खाली आली तेव्हा हळूच म्हणाली, "काकू, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरंचसं थांबवता आलं असतं." हे ऐकल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अक्कल कुठे ठेवली होती, इथून सुरू केलं ते तिच्या माहेरापर्यंत गेलो. सातवी शिकलेला माणूस चौथी शिकलेल्या बाईला अक्कल शिकवत होता.

पुढे आठ महिन्यांनी ती गेली. हृदयाचं दुखणं होतं, जुनं. डॉक्टर म्हणाले, त्या प्रकाराचा याच्याशी काही संबंध नाही. पण मी तिला काय काय बोललो ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं.

तर ही मंडळी. त्यांची पुढारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचची एक सिंधी बाई, चाळिशीची. घरचं कापडाचं दुकान, पण ही त्यातून निसटून कॉम्प्युटरमध्ये गेलेली. मराठी बोलायला लागली की मध्येच हिंदीत वळायची आणि हुकूम मात्र दोन्ही भाषांत सारखाच. सगळे तिला ताई म्हणत. दुसरा बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा एक उंच गडी. बाप भातशेती करतो, हा ठाण्याला कंपनीत. दाराची चौकट त्याला दर रविवारी लागायची आणि दर रविवारी तो चौकटीकडे असा बघायचा, जणू तिनेच जागा बदललीय.

त्यांची एक भानगड मला कळेना. त्यांचे आपापसातले निरोप एका दिवसात आपोआप पुसले जात. सुरक्षिततेसाठी म्हणे. त्यामुळे रविवारी आले की पहिला अर्धा तास मागच्या रविवारी काय ठरलं होतं यावर वाद. "मंडपवाल्याला मी सांगायचं होतं की तू?" "मी तुला मेसेज केला होता." "दाखव." दाखवणार काय, कप्पाळ? शेवटी मीच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनने लिहायला लागलो. मंडप – उंच. जेवण – वरची. बॅनर – ताई. सातवी पास माणूस या सगळ्या इंजिनियरांचा सचिव झाला. कॅलेंडरचा फोटो मात्र काढायचा नाही, असा ताईंचा हुकूम. मग सगळे भिंतीपाशी उभे राहून पाठ करत बसायचे, शाळेत पाढे करतात तसे.

आणखी एक रिवाज होता. ते एकमेकांना खोटे निरोप पाठवायचे, अगदी चोर पाठवतो तसे. तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. कोण फसतंय बघायचं. जो फसेल त्याने लगेच उभं राहून सांगायचं, "मी फसलो." बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि 'कसं काय कळलं नाही' असं जो विचारेल, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना वडे आणायचे. फसलेल्याने नाही, विचारणाऱ्याने.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा उंच गडी फसला होता. उभा राहिला, पंख्याला डोकं लागेल म्हणून जरा वाकून, आणि म्हणाला, "मी फसलो." टाळ्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, एवढा शिकलास, तुला कळलं नाही?"

ताईंनी बोट वर केलं. "काका, वडे."

"मी तुमच्यात नाही."

"घर तुमचं, चहा तुमचा, कॅलेंडर तुमचं. नहीं कैसे? वडे."

पुढच्या रविवारी मी स्टेशनजवळून वडे आणले. चटणी वेगळी बांधून. उंच गड्याने माझ्यासमोर मुद्दाम चार खाल्ले. मग मी विचारलं, हा उलटा न्याय कशासाठी. ताई म्हणाल्या, "काका, चोर आत आला हे ज्याला पहिलं कळतं तो कोण? जो फसला तो. त्याला शिव्या घातल्या तर पुढच्या वेळी तो गप्प बसणार. आणि तो गप्प बसला की चोराला वेळच वेळ."

मी कप उचलून आत नेले. मोरीत ते धुतले, मग परत धुतले. मला हवं होतं ते उत्तर होतं हे, पण मला ते नको होतं.

नंतर वरची मुलगी दोनदा मागे लागली. मेळाव्यात दुपारी म्हाताऱ्या माणसांसाठी एक तास ठेवला होता, त्यात काकूंचं झालं ते तुम्ही सांगा म्हणून. मी म्हटलं, माझ्या बापाने कधी भाषण केलं नाही, मीही करणार नाही. खरी गोष्ट ही की बायकोचं सांगायला मी तयार होतो. माझं सांगायचं नव्हतं.

मेळावा कॅम्प चारमधल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. दारात प्लास्टरचे दोन हत्ती सोंड वर करून. 'शुभविवाह' ही अक्षरं वरून काढता येईनात, म्हणून त्यांनी त्याखालीच आपला बॅनर बांधला. स्टेजवर नवरानवरीचा लाल सोफा तसाच होता, त्यावर बसून लोक चोरट्यांच्या युक्त्या सांगत होते. एका वक्त्याच्या खांद्यावर वरून सतत एकेक झेंडूची पाकळी पडत होती, आदल्या दिवशीच्या लग्नातली. आत शिरताना या मंडळींनी लोकांना इतके प्रश्न विचारले की हॉलचा मालक स्वतःच बाहेर अडकला. त्याला मी ओळख पटवून आत घेतला.

मला चहाच्या टेबलाशी बसवलं होतं. साडेदहाच्या सुमाराला ताई आल्या. "काका, चहा घेतला?" घेतला म्हटलं. पाच मिनिटांनी परत आल्या. "काका, चहा?" आता माझ्या समोर कप होता. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हसत होत्या, फोन पिशवीत घालत होत्या, बाहेर काढत होत्या, परत घालत होत्या.

हे तोंड माझ्या ओळखीचं होतं. तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात हे वावरत होतं. चहा टाकू का, चहा टाकू का, असं सारखं विचारत. तेव्हा मी म्हटलं होतं, किती वेळा चहा, डोकं फिरलंय का तुझं.

मी उठलो. ताईंना हत्तीच्या आडोशाला नेलं.

"काय केलंस?" अरेतुरेवरच आलो.

"कुछ नहीं काका."

"काही नाही हे मी तीन दिवस ऐकलंय. बोल. मी ओरडणार नाही."

डोळे भरले बाईचे. सकाळी घाईत एक निरोप आला होता. अग्निशमनवाल्यांची हॉलची परवानगी रद्द होतेय, ताबडतोब इथे नाव आणि पासवर्ड भरा. चारशे माणसं दारात, हिने भरला. नंतर लक्षात आलं. त्या पासवर्डमागे, मेळाव्याला आलेल्या सगळ्या लोकांची नावं, नंबर.

"किती वेळ झाला?"

"आधा घंटा."

"मग आत्ता सांग."

"आज नाही काका. संध्याकाळी. नियम मीच बनवलाय ना. सगळे हसतील."

"हसू दे. उशीर झाला तर नंतर कुणीच हसणार नाही. चल, मी येतो बरोबर."

नवरीच्या खोलीत बाकीचे बसले होते, आरशासमोर लॅपटॉप मांडून. ताई आत गेल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी फसले." मग वरच्या मुलीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ताईंनी अग्निशमनचं सगळं सांगितलं, तशी दोघांनी लगेच पासवर्ड बदलायला घेतला. फक्त उंच गडी टाळ्या वाजवत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"ताई," तो म्हणाला, "अग्निशमनवाला ना? तो आपलाच."

"मतलब?"

"मीच महिनाभर आधी लावून ठेवला होता. गजरासारखा. आजची तारीख होती हे मी विसरलो. लिहून ठेवलं होतं, पण ते पुसलं गेलं."

ताईंनी हातातली फाईल त्याच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा, आणि हसता हसता रडायला लागल्या. माणसांचे नंबर घरातच होते. मी दारात उभा होतो. सगळे हसत होते आणि मला मात्र एकच दिसत होतं, अर्ध्या तासात या बाईचं काय झालं होतं. माझ्या बायकोने तीन दिवस काढले होते.

दुपारी म्हाताऱ्यांचा तास सुरू झाला. वरची मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती. मध्येच मी उठून स्टेजवर गेलो. ती बाजूला झाली. माईक हातात कसा धरायचा तेही मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं, "माझी बायको फसली. फोन उचलला, त्याचं ऐकलं, ही तिची चूक. पण तिने तीन दिवस लपवलं, ते चोराला भिऊन नाही. मला भिऊन. ते तीन दिवस माझे. ती असताना हे मी तिला सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आपल्या घरात कुणी फसलं तर तोंड आवरा. बास."

खाली उतरलो. टाळ्या वाजल्या की नाही ते नीट ऐकू आलं नाही. चहाच्या टेबलाशी येऊन बसलो.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, अंगावर चांगली साडी, मोठी पर्स. चहा घेतला नाही. आजूबाजूला बघून म्हणाल्या, "मला पण आलाय तसा एक फोन. परवा. घरी सांगितलेलं नाही."

कसं कळलं नाही, हे विचारायचं खूप मनात आलं. मी खुर्ची पुढे ओढली, त्यांना बसवलं आणि ताईंना हाक मारली. ताई येईपर्यंत बाई पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. मी शेजारी बसून राहिलो.