पुरानं न पाडलेली गिरणी

सावरपेठ हे खर्ड्याच्या बाजूचं बाजाराचं गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा लीना धर्माधिकारी तिथे बांधकाम अभियंता म्हणून आली. नवरा केदार श्रीरामपूरला कॉलेजात शिकवायचा. शनिवारी एसटीने घरी जायचं, सोमवारी पहाटे परतायचं, असा संसार. पन्नाशी जवळ आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. गावात सगळे तिला मॅडम म्हणत आणि नळाला पाणी आलं नाही की आठवण काढत.

गावाच्या मधून ओढा वाहतो. वर्षानुवर्षं तो आवळत नेलेला. आधी कडेला टपऱ्या आल्या, मग वरून स्लॅब पडला, स्लॅबवर भाजीबाजार बसला, आणि पाण्याला जायला खाली सिमेंटच्या दोन नळ्या उरल्या. गेल्या सप्टेंबरात डोंगराकडून पाणी आलं ते बाभळी, कडब्याच्या पेंढ्या, प्लास्टिक असं सगळं घेऊनच. नळ्या तुंबल्या, स्लॅब मधोमध फुटला आणि लोंढा कुंभार गल्लीत शिरला. माणसं माळवदांवर चढली. गल्लीतले अंथरुणाला खिळलेले म्हातारे गहिनीनाथ तेवढे खाली राहिले. ते आत अडकल्याचं कळल्यावर लीना दोर घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेली होती. पण पाण्याला ओढ अशी, की सोबतच्या माणसाने तिला दंडाला धरून मागे खेचलं. म्हातारे खाटेवरच गेले.

दुसऱ्या दिवशी ती भिंतींवरच्या चिखलाच्या खुणा बघत फिरली. ओढा जिथे वळतो, तिथे अगदी त्याच्या गळ्यात रतनबाईंची पिठाची गिरणी होती. दगडी जोत्याची, मजबूत. तिचा टवकाही उडाला नव्हता. पाणी त्या भिंतीवर आपटून गल्लीकडे वळलं होतं, हे खुणा सांगत होत्या. लीना तिथल्याच एका उपड्या टोपलीवर बसली. पुढे काय करावं लागणार, ते तिला आत्ताच दिसलं होतं आणि अंगात त्राण नव्हतं.

पुनर्बांधणीसाठी निधी आला तसा नगराध्यक्ष अजिनाथ यांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"मॅडम, मोठ्या नळ्या टाका, वर स्लॅब टाका. पावसाळ्याच्या आत रस्ता चालू झाला पायजे."

"नळ्या कितीही मोठ्या केल्या तरी झाड अडकलं की पुन्हा तेच होणार, साहेब. ओढा उघडा ठेवू. पूर्वी होता तेवढा रुंद करू. नळ्यांच्या जागी मध्ये खांब नसलेला पूल. बाजाराची खालची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे जादा पाणी तिथे पसरेल, गल्लीत येणार नाही. काठाला सिमेंट नको, जाळीत दगड भरू. फुटलेल्या स्लॅबचा राडारोडाही त्यात खपेल."

"लोकांना रस्ता दिसतो, मॅडम. ओढा दिसत न्हाई."

"सप्टेंबरात दिसला ना."

अजिनाथांनी नकाशा पुढे ओढला. पण एका बैठकीत काम भागलं नाही. टपरीवाले आले, भाजीवाले आले, वरचे अधिकारी दोनदा येऊन बघून गेले. एकाला उघड्या ओढ्याचा वास नको होता, म्हणून सांडपाण्याची वेगळी लाइन आराखड्यात आली. दुसऱ्याला पार्किंग हवं होतं. लीना तेच नकाशे तेच बोलत पुन्हा पुन्हा उलगडत राहिली. मध्यंतरी केदार फोनवर म्हणाला, "तू आता माझ्याशीही बैठकीत बोलल्यासारखं बोलतेस." त्यावर तिला हसूही आलं नाही. शेवटी अर्धं मान्य झालं. बाजारपट्टा उघडा होणार होता; खाली एसटी स्टँडकडे मात्र स्लॅबच राहणार होता. तिने ते घेतलं. भांडायला आणखी जोर उरला नव्हता.

टपऱ्या हलल्या. राहिली गिरणी. रतनबाईंना शाळेमागे जागा आणि नवी शेड मिळणार होती. सांगायला लीना स्वतः गेली.

रतनबाईंनी गिरणी बंद केली, हातावरचं पीठ झटकलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकांनी ही भिंत सोताच्या हातानं रचली. एवढा पूर आला, त्यानं पाडली न्हाई. ती तुमी पाडायला आलात व्हय?"

"मावशी, पाणी या भिंतीमुळे वळलं."

"म्हंजी गहिनीनाथाला मी मारलं म्हना की."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हनता?"

 पाणी आणि भिंत यांचं लीनाला सांगता येत होतं. बाईच्या मनाला लागलं त्याचं काय सांगणार? ती दाराशीच उभी राहिली. रतनबाईंनी तिला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. अखेर त्याच म्हणाल्या, "होळी झाल्यावर पाडा. सणाची दळनं हायेत लोकांची."

गिरणी पाडली त्या दिवशी रतनबाई बघायला आल्या नाहीत. जोत्याचे दगड लीनाने वेगळे काढायला लावले आणि ओढ्याच्या वळणावर जाळीत भरायला दिले. पुलाचं काम पाऊस येईस्तोवर जेमतेम पुरं झालं.

जुलैच्या शेवटी ओढा भरून आला. सप्टेंबराइतका नाही, पण लोकांनी माळवदावर अंथरुणं नेण्याइतका नक्कीच. लीना छत्री घेऊन पुलावर उभी होती. झाडाचा एक आख्खा बुंधा पुलाखालून निघून गेला. पाणी बाजाराच्या मोकळ्या जागेत पसरलं, तिथेच घोळत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत ओसरलं. कुंभार गल्ली कोरडी राहिली. स्टँडकडे, जिथे स्लॅब तसाच होता, तिथे मात्र दुकानांत पाणी गेलंच.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात माणसं आली. स्टँडवाले ओरडत होते. भाजीवाले बाजारात चिखल झाला म्हणून चिडले होते. कुंभार गल्लीतून कुणीच आलं नव्हतं, आणि येण्यासारखं काही घडलंही नव्हतं. लीनाने चिखल काढायला माणसं लावली, स्टँडकडचा स्लॅब काढायचा प्रस्ताव पुन्हा लिहायला घेतला आणि अर्ध्यातच टेबलावर डोकं टेकून बसली.

शनिवारी एसटीला वेळ होता. घरी न्यायला ज्वारीचं पीठ हवं होतं. दुसरी गिरणी जवळ होती, तरी ती ज्वारीची पिशवी घेऊन शाळेमागे गेली. रतनबाईंच्या नव्या शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हतं.

"हितं कोन येतंय एवढं लांब," पिशवी घेत रतनबाई म्हणाल्या. गिरणी सुरू झाली.  मग पीठ भरता भरता त्या म्हणाल्या, "गल्लीत पानी आलं न्हाई म्हनं."

"नाही आलं."

"बरं झालं." पिशवीचं तोंड बांधून त्यांनी ती लीनाच्या हातात दिली. "पर तुमी बरं केलं असं मी म्हननार न्हाई, मॅडम."

"नका म्हणू, मावशी."

बाहेर पावसाची सर आली होती. लीना पायरीवर टेकली, तिचे पाय दुखत होते. रतनबाईंनी क्षणभर बघितलं आणि आतलं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"आत बसा. तिथं शिंतोडे येत्यात."