पिठावर उमटलेली गळती

उंबरपाड्यात बाईजा वाघे राहते. वय विचारलं तर ती म्हणते, "धरण भरलं तवा मी परकर नेसत होते."

उंबरपाडा म्हणजे धरणाच्या पाण्यापलीकडची वीस-बावीस घरं. सकाळी सिद्धगडाची सावली सरली की अलीकडच्या काठावर बोट लागते. बोट नसेल त्या दिवशी डोंगराला वळसा घालून चौदा किलोमीटर चालायचं, डोक्यावर रेशन असो की पाठीवर आजारी माणूस. त्या बोटीच्या मागे एक जुनी मोटार टांगलेली आहे. वर डोकं, मधे लांब मान आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा. ती कोणी कुठून आणली हे आता कुणालाच सांगता येत नाही. ती जिवंत कोण ठेवतं, हे मात्र सगळा पाडा जाणतो.

बाईजाने तीस हंगाम वीटभट्टीवर काढले. तिथे चिखलासाठी पाणी ओढणारं इंजिन होतं. ते बंद पडलं की मिस्त्री यायचा, आणि बाईजा डोक्यावरचं घमेलं न उतरवता उभी राहून त्याचे हात बघायची. सहाव्या की सातव्या हंगामात मिस्त्री आलाच नाही. तेव्हा तिने घमेलं उतरवलं आणि पाना हातात घेतला. एवढंच तिचं शिक्षण.

गेल्या माघातली गोष्ट. बोट चालवणारा मंगेश एका सोमवारी तिच्या दारात आला. पाड्यातले सगळे तिला आत्याच म्हणतात.

"आत्ये, बोटीमागं रंग येतोय गो."

बाईजा काठावर गेली. बोटीमागच्या पाण्यावर पारव्याच्या मानेसारखी निळी-जांभळी साय पसरली होती. तिने ती बोटावर घेऊन हुंगली. हे पाणी पुढे शहराला प्यायला जातं. पाण्यावर तेलाचा रंग दिसला तर बोटीची परवानगी रद्द, असं कागदावरच लिहिलेलं होतं. आणि गुरुवारी धरण खात्याच्या मॅडम बोट तपासायला येणार होत्या.

मंगेशचा चुलता भिमा तिथेच विडी ओढत बसला होता. "कशाला घाबरता रे? मॅडमच्या टायमाला मागं साबणाचं पाणी ओता. रंग फाटतो. मी बघितलाय."

"मग मॅडमच्या डोळ्यांतच घाल की साबण," बाईजा म्हणाली. "पाण्यात कशाला?"

मोटार काठावर आणून दोन सागाच्या मेढींमध्ये उभी टांगली. मंगेशने आधीच घाबरून जिथे जमेल तिथे भेगा बुजवायची लांबी थापली होती. बाईजा ती खरवडत बसली. "जखम कुठं हाय ते ठावं नाय, आन सगळ्या अंगाला पट्ट्या बांधल्यास. शहाणा तो."

खरवडून झाल्यावर तिने पेट्रोलच्या चिंधीने मोटार पुसली आणि उन्हात कोरडी होऊ दिली. मग घरातून तांदळाचं पीठ आणलं, भाकरीचंच, पण दोनदा चाळलेलं. पातळ फडक्यात घेऊन तिने ते हलक्या हाताने मोटारीवर झटकलं. काळी मोटार बघता बघता पांढरी झाली.

"आता?" मंगेशने विचारलं.

"आता बस."

बोट बंद म्हणून मीही त्या दुपारी काठावर अडकलो होतो. माणूस देवापुढे बसतो तशी ती त्या पांढऱ्या मोटारीपुढे बसली होती. दोन तासांनी वरच्या बाजूला, कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली, तिळाएवढा एक ठिपका ओला झाला. तीळ वाढून तांदूळ झाला. मग खाली पंख्यामागे पिठावर काळी रेघ उमटली, केसाएवढी. लोखंडाने आपलं दुखणं आपल्याच तोंडाने सांगावं तसं ते होतं. भिमाने विडी विझवली.

"वर पेट्रोल. खाली गिअरचं ऑइल," बाईजा म्हणाली.

पंखा काढला तेव्हा आतल्या दांड्याला मासे धरायच्या जाळ्याचा तंगूस इतका करकचून गुंडाळलेला होता की तो दांड्याचाच भाग वाटावा. त्याने ऑइल अडवणारं रबराचं सील कापलं होतं.

"कुणाचं रे जाळं?"

मंगेशने मान खाली घातली.

वरच्या वाटीचं पॅकिंग तिने स्वतः कापलं. वाटीच्या कडेवर पॅकिंगचा कागद ठेवून लहान हातोडीने टकटक करत गेली, आणि कडेनेच कागद कापला. सील मात्र घरात होण्यासारखं नव्हतं. मंगळवारी तो दांडा आणि तो बसतो ती लोखंडी कडी फडक्यात गुंडाळून ती डोंगराचा वळसा चालून गेली आणि एसटीने टोकावड्याला निघाली.

"आजी, हे काय? कुणाचं डोकं फोडायला?" कंडक्टर म्हणाला.

"मोटारीचं हाड हाय. धक्का नको लावू."

टोकावड्याला किशोरचं पंप आणि नांगरणीच्या टिलरच्या सुट्या भागांचं दुकान. त्याने दांडा बघून हात जोडले. "आत्या, ही मोटार माझ्या बापापेक्षा म्हातारी. हिचं सील आता कुठं मिळायचं?"

"नावानं मिळणार नाय. मापानं बघू. सीलाचा डबा ओत."

ती एकेक सील दांड्यावर चढवून, डोळे मिटून फिरवत होती. गिऱ्हाइकं तिच्याभोवती गोळा झाली. पॉवर टिलरचं एक सील दांड्यावर बसलं, कडीतही बसलं. तिने डोळे उघडले.

बुधवारी मोटार जोडली, पुन्हा पीठ झटकलं. संध्याकाळपर्यंत पीठ कोरडंच राहिलं. फक्त वाटीतली पेट्रोल अडवणारी बारीक सुई झिजलेली होती, आणि तसली सुई किशोरकडे नव्हती.

गुरुवारी मॅडम आल्या. मोटार अर्धा तास चालवायला लावली, मग पाण्यावर पांढरा कागद टेकवून बघितला. कागदावर नुसतं पाणी होतं. मॅडमनी पेन काढलं आणि सहज विचारलं, "आता कुठून काही गळत नाही ना?"

"नाय मॅडम," मंगेश म्हणाला.

"उभी असंल तर नाय," बाईजा म्हणाली. "काठाला लागताना उचलून आडवी केली तर चार थेंब."

मंगेशचा चेहरा पिठासारखा झाला. मॅडमनी पेन मिटलं. "आडवी करून दाखवा."

मोटार बोटीत आडवी केली. बाईजाने खाली पेला धरला. एक, दोन, तीन, चार. पाचवा आला नाही.

"मला कळलं नसतं. का सांगितलंत?"

"तुमी विचारलंत." मग ती मंगेशकडे वळली. "उभी कर. चालू कर. आता नळ बंद कर पेट्रोलचा."

मोटार थोडा वेळ चालली, अडखळली, थांबली. पुन्हा आडवी केली. बाईजाने पेला धरून ठेवला, मॅडम वाकून बघत राहिल्या. एकही थेंब आला नाही.

मॅडम बोटीच्या फळीवर बसल्या. परवानगीच्या कागदावर खाली एक अट लिहून त्यांनी ती मोठ्याने वाचली, "मोटार उचलण्यापूर्वी पेट्रोलचा नळ बंद करून मोटार बंद करावी."

"बंद करावी नाय," बाईजा म्हणाली. "आपोआप मरंस्तोवर चालवावी. हातानं बंद केली तर वरच्या वाटीत पेट्रोल राहतं."

मॅडमनी शब्द खोडले, ती सांगेल तसे लिहिले, पुन्हा वाचून दाखवले. बाईजाने मान हलवल्यावर सही केली.